हॉरर टेबलटॉप आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून, पात्रं बनून गोष्ट खेळायचा खेळ) कोणती सिस्टीम, म्हणजे नियमावली, घ्यावी? ग्रुपला डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) येतं, तेच चालेल का?

नाही चालणार. सगळ्यांना नियम पाठ आहेत म्हणून डी अँड डीत हॉरर बसवायला गेलात, तर हाती मारामारीच येईल.

आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये एक मित्र कायम म्हणायचा, "भीती डीएमच्या आवाजात असते, सिस्टीमचा काय संबंध?" डीएम म्हणजे खेळ चालवणारा. कॉलेज रोडच्या फ्लॅटवर त्याने पाचव्या लेव्हलच्या पार्टीसाठी (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीसाठी) पछाडलेला वाडा रचला. दिवे मंद, वर्णन अप्रतिम. भूत समोर आलं, क्लेरिकने (पुजारी पात्राने) टर्न अनडेड, म्हणजे भुताखेतांना पळवून लावायची शक्ती, वापरली, भुताचा सेव्ह (बचावाचा फासा) फसला आणि भूतच पळालं. संपली भीती.

पुढच्या वेळी मी ड्रेड नावाचा हॉरर आरपीजी चालवला. त्यात फासे नाहीत, जेंगाचा, म्हणजे लाकडी ठोकळ्यांचा, मनोरा असतो. अवघड काही करायचं तर ठोकळा काढायचा, नको असेल तर काम फसलं म्हणायचं. मनोरा पडला की पात्र गेलं. गोष्ट इथलीच घेतली: गोदेला पूर आणि जुन्या नाशकातल्या वाड्यात अडकलेली भावंडं. किती वेळ उरलाय ते गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळायचं. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे "मानेला लागलं" एवढंच म्हटलं आणि टेबलावरचं बोलणं थांबलं. तळघर केव्हाच बुडालं होतं, तरी खालून हाका येत होत्या.

ड्रेडमध्ये मनोरा मुद्दाम पाडता येतो. पात्र संपतं, पण हातातलं काम फत्ते होतं. त्याच मित्राने बाकीच्यांना माडीवर पिटाळलं, तळघराचं दार आतून लावतो म्हणाला आणि हाताने मनोरा उडवला. मी आवाज बदलला नव्हता. ट्यूबलाइट लख्ख चालू होती.

खेळाडूला काय गमावायची धास्ती वाटावी, ते नियम ठरवतात. डी अँड डीत लेव्हलबरोबर हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) वाढत जातात. १९८१ पासून चालत आलेल्या कॉल ऑफ क्थुलू या हॉरर आरपीजीत सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मनाचा तोल, झिजते. वर क्थुलू मिथॉसचं (खेळातल्या अमानवी शक्तींच्या गूढाचं) ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली येते. म्हणजे हे ज्ञान देणारं पुस्तक उघडायचीच भीती. आवाजाने हे साधत नाही.

हां, ड्रेड एका बैठकीपुरतंच बरं. कुणाचा हात थरथरत असेल तर त्याचे ठोकळे दुसऱ्याने काढावेत. महिनोन्‌महिने खेळायचं असेल तर कॉल ऑफ क्थुलूची सातवी आवृत्ती घ्या, क्विक-स्टार्ट (सुरुवातीपुरते) नियम फुकट मिळतात. फाशांचा रोल फसला की तपास अडतो असं वाटलं तर ट्रेल ऑफ क्थुलू बघा. त्यात योग्य कौशल्य असलं की मुख्य धागा रोलशिवाय मिळतो. आणि कुठले विषय नकोत, ते आधी सगळ्यांना विचारून घ्या.

"डीएम चांगला असला की कुठलीही सिस्टीम चालते" असं कुणी म्हणालं, तर आधी त्याला डुलत्या मनोऱ्यातून एक ठोकळा काढायला लावा, मग बोला.