आधी सपोर्टची तारीख बघ, मग अपग्रेड

मित्रा, अपग्रेड करू का विचारतोस, तर नवीन काय आलंय ते सोड, सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून अपडेट मिळणं, कधी संपतो ते बघ. विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, लॅपटॉप काही बंद पडत नाही, म्हणून तर लोक गाफील राहतात, पण फुकटचे सिक्युरिटी पॅच आपोआप येणं थांबतं आणि त्याच मशीनवर तू नेट बँकिंग करणार.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी उघड, 'सिक्युरिटी प्रोसेसर' दिसतो का आणि त्याच्या डिटेल्समध्ये 2.0 लिहिलंय का बघ, नसेल तर कधीकधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) नुसतं बंद ठेवलेलं असतं. तेही नसेल तर ठाणे स्टेशनबाहेर कोणीतरी 'पाचशे द्या, तरी 11 टाकून देतो' म्हणेलच, त्या जुगाडाच्या नादी लागू नकोस, पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्टच सांगत नाही.

जुन्या मशीनला उबुंटू (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) चालेल पण

- एलटीएसच घे, म्हणजे जास्त वर्षं सपोर्ट असलेलं व्हर्जन. 24.04 ला 2029 पर्यंत सपोर्ट, मधल्या व्हर्जनला जेमतेम 9 महिने. व्हर्जनचा मोठा आकडा बघून भुलणारे इथेच फसतात.
- आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघ, वायफाय, प्रिंटर लागतो का.
- डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी कर, फोटो आधी.

पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) वगैरे नंतर. लॅपटॉपचं मॉडेल टाक, बघतो.