ठिणगी का पडत नाही?

प्रश्न : आमचं धरणगावजवळ बंदूक दुरुस्तीचं लायसन्सवालं दुकान आहे, आजोबांपासूनचं. एका गिऱ्हाईकाच्या जुन्या गारगोटीच्या बंदुकीचा चाप (ठिणगी पाडणारी सगळी जोडणी) हाताने नवा करतोय. घोडा, टंबलर (घोड्याला आतून जोडलेला खाचांचा तुकडा) आणि फ्रिझन (ज्यावर गार आपटून ठिणगी पडते ते पोलाद) ओतून घेतले. फ्रिझनला दोनदा पाणी दिलं (लाल तापवून बुडवून कडक केलं) तरी ठिणगी नाही. टंबलरवर बारीक भोकं दिसतात, आणि घोडा मापात लहान आलाय. फाउंड्रीवाला म्हणतो माल एक नंबर. आता काय करू?

उत्तर : दादा, आधी तिसऱ्यांदा पाणी देणं थांबवा. आपल्याकडे जुनी माणसं गार, पोलाद आणि कापूस घेऊन चिलीम पेटवायची ना, ते पोलाद आठवा. गार त्याचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो, तीच ठिणगी. म्हणजे पोलादात कार्बन पाहिजे, आणि तो अगदी वरच्या थरात पाहिजे. ओतताना, आणि नंतर भट्टीत उघडं तापवताना, वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो, आत पोलाद चांगलं असलं तरी कातडी मऊ लोखंडासारखी राहते, आणि तुम्ही दोनदा तापवलं म्हणजे ती अजून जाड झाली असणार. म्हणून फ्रिझनचा तोंडाचा भाग अर्धा-एक मिमी घासून काढा आणि मग कानस फिरवून बघा. कानस घसरली तर कडकपणा आतमध्ये आहेच, लावून बघा, काम होईल. कानस चावली तर ओतलेल्या झाडाचा (भाग ज्याला जोडून ओततात त्या दांड्याचा) उरलेला तुकडा ग्राइंडरला धरा. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन आहे, मग चुंबक चिकटायचं थांबलं की जरासं वर नेऊन तेलात बुडवून कडक करा आणि 200 अंशाला तासभर ठेवून ठिसूळपणा उतरवा. नुसत्या लांब रेघा निघाल्या तर फाउंड्रीवाल्याने साधं लोखंड ओतलंय, ते नुसतं पाणी देऊन कधीच कडक होणार नाही, माल परत करा.

टंबलरचं मला जास्त टेन्शन आहे. भोकं अंगावर असतील तर चालून जातं, पण घोडा अडकवून धरणाऱ्या खाचेजवळ असतील तर तो टाकून द्या, वेल्डिंगने भरू नका. मी एकदा भरला होता, महिन्याभरात अर्ध्या चापाची (घोडा अर्धवट ओढून अडकवायची) खाच तुटली आणि घोडा आपोआप पडला. बंदूक रिकामी होती म्हणून बरं. आतली पोकळी वरून दिसत नाही म्हणून खाच कापल्यावर भिंग लावून परत बघा.

मापाचं सोपं आहे, जुन्या घोड्यावरूनच साचा काढला असणार. साच्यासाठी केलेला मेणाचा नमुना आकसतो, पोलाद गार होताना साधारण 2 टक्के आकसतं, 50 मिमीमागे एक-दीड मिमी गेलंच. पुढच्या वेळी साच्याचा नमुना तेवढा मोठा करा आणि जोडणीची भोकं ओतूच नका, चापाच्या पट्टीवर बसवून मग पाडा.

तुमच्या धरणगावात 1825 साली भिल्ल पलटण उभी राहिली तेव्हा अशाच गारगोटीच्या बंदुका चालायच्या, म्हणून हे काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं. आणि कमान (घोड्याला जोर देणारी स्प्रिंग) मात्र ओतून घेऊ नका, ती स्प्रिंगच्या पट्टीतूनच ठोकून काढा.