अर्जातला पहिला प्रश्न: शिक्षक का व्हायचंय?

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय २७, फिजिक्समध्ये एमएस्सी, बीएड झालेलं, नाशिकच्या सिडकोत घर. एका ज्युनिअर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, अकरावी-बारावीचे तास आणि संध्याकाळी अंबडला मावशीच्या गच्चीवर आठवी-नववीच्या पोरांचा क्लास. शिक्षक पात्रतेची टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणंही झालं. आता इंग्लंडला येऊन पीजीसीई, म्हणजे इथलं एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण, करायचं म्हणतेस. अर्जात ‘तुम्हाला शिक्षक का व्हायचं आहे’ असं विचारलंय, त्याचा मसुदा पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘ताई, एवढं चालेल ना?’

नाही चालणार. राग मानू नकोस. ‘शिक्षण हे पवित्र कार्य आहे, मला लहानपणापासून मुलांची आवड आहे, भावी पिढी घडवायची आहे.’ यातलं काहीच खोटं नाही, पण यात तू कुठेच नाहीस. हीच तीन वाक्यं कोणीही कोणाच्याही नावाने पाठवू शकेल.

मी हे ठामपणे सांगते, कारण माझा पहिला अर्ज असाच होता. मुलाखतीला बोलावलं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, तुमचा फसलेला एखादा तास सांगा. मी म्हटलं, तसा काही आठवत नाही. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि आठवड्याभरात नकार आला. तेव्हा नाशिकमध्ये पाच वर्षं शिकवून झाली होती माझी. पाच वर्षांत एकही फसलेला तास आठवत नाही याचा अर्थ एवढाच, की मी फळ्याकडे बघत होते, पोरांकडे नाही. खरं कारण मला आतून माहीत होतं. ज्या संस्थेत होते तिथे सही पूर्ण पगारावर करायची आणि हातात त्याच्या निम्मे यायचे. मला तिथून सुटायचं होतं. शिक्षकी हे माझ्यासाठी सुटायचं तिकीट होतं, आणि समोरच्याला ते दिसलं.

सुटावंसं वाटणं हा गुन्हा नाही. पण नुसतं तेवढंच असेल तर त्यासाठी शिक्षकी निवडू नकोस, दुसरे रस्ते सोपे आहेत. इथे गुरुवारी शेवटच्या तासाला १३-१४ वर्षांची ३० मुलं समोर बसतात, बाहेर चारच्या आत अंधारून आलेलं असतं, पावसामुळे दुपारच्या सुट्टीत कोणी मैदानावर गेलेलं नसतं, आणि तुझा उच्चार कळला नाही म्हणून एक जण मोठ्याने ‘काय, मिस?’ म्हणतो. ओरडून उपयोग नाही. छडीचा तर प्रश्नच नाही, सरकारी शाळांत ती १९८७ पासून बंद आहे. त्या घडीला मावशीची गच्ची जवळ नसते, आई जवळ नसते. तेव्हा वर्गात उभं राहायला तुला स्वतःचं एक कारण लागतं.

आणि ते तुझ्याकडे आहे. मसुद्यात नाही, पत्राच्या शेवटी आहे, जिथे तू सहज गंमत म्हणून लिहिलंस. गच्चीवर तू सेल, बल्ब आणि ॲमीटर जोडून दाखवत होतीस. नववीतली एक मुलगी म्हणाली, बल्बच्या आधी करंट जास्त असणार आणि नंतर कमी, कारण बल्ब मधे थोडा खातो. तू तिला चूक म्हटलं नाहीस. दोन्ही बाजूंना मोजायला लावलंस. आकडा दोन्हीकडे सारखाच आला. त्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, मीटर खराब आहे,’ आणि शेजारच्या मुलाचा मीटर ओढून घेऊन पुन्हा मोजायला बसली. तू लिहिलंस की खाली मावशी जेवायला हाका मारत होती आणि तरी तू तिला थांबवलं नाहीस.

अगं, हेच तर उत्तर आहे!

तुला सांगते, लेस्टरमध्ये माझ्या इयर एटच्या वर्गात, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वयाच्या पोरांत, दरवर्षी कोणीतरी हेच म्हणतं. घरी गुजराती बोलणारी मुलगी म्हणते, सोमाली बोलणारा मुलगा म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच असलेली मुलंही म्हणतात. बल्ब करंट खातो. आणि ही चूक शहाणी आहे, कारण सेल संपतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणजे काहीतरी खर्च होतंच. खर्च ऊर्जा होते, करंट नाही. तो बल्बच्या अलीकडे जेवढा तेवढाच पलीकडे. हे मी दोन वाक्यांत सांगू शकते, सगळे लिहूनही घेतात, आणि चाचणीत पुन्हा बल्बला करंट खायला लावतात. म्हणून इथे प्रत्येकाच्या हातात छोटा पांढरा फळा असतो. आधी अंदाज लिहा, वर धरा. एका नजरेत ३० डोक्यांत काय चाललंय ते दिसतं. मग मोजा. मग भांडा. कोणीतरी मीटर खराब आहे म्हणतंच, आणि मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

माझी आई दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पहाटेची एसटी धरायची. द्राक्षांच्या खुडणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. ती शाळा सुटल्यावर बागेत जायची, वेलींच्या ओळीत उकिडवी बसून पोराच्या वहीत त्या दिवसाची गणितं घालून द्यायची आणि शेवटची गाडी पकडायची. का शिकवतेस, असं तिला कोणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने अमुक मुलाला हातचा अजून कळत नाही, असंच काहीतरी सांगितलं असतं.

आता कामाचं. तुझं बीएड झालंय, म्हणून पीजीसीईकडे धावण्याआधी दुसरा रस्ता बघ. इंग्लंडमध्ये पूर्ण शिक्षकाचा दर्जा म्हणजे क्यूटीएस. २०२३ पासून भारतात शिकलेल्या शिक्षकांनाही त्यासाठी थेट अर्ज करता येतो. विषय गणित, विज्ञान किंवा भाषा हवा आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता हवी. बीएडनंतरचा शाळेतला अनुभवही लागतो. इथे तुझी अडचण आहे: अकरावी-बारावी त्या वयोगटाच्या वर जाते आणि गच्चीवरचा क्लास म्हणजे शाळा नव्हे. म्हणून पगार कमी असला तरी एक पूर्ण वर्ष आठवी ते दहावीचं विज्ञान एखाद्या शाळेत शिकव आणि अनुभवाचं पत्र रीतसर घे. अर्ज करायच्या दिवशी नियम सरकारी पानावर स्वतः वाच, एजंटच्या तोंडून ऐकू नकोस. आणि एक लक्षात ठेव, क्यूटीएस म्हणजे व्हिसा नाही आणि नोकरीही नाही. स्पॉन्सर करण्याचा परवाना असलेली शाळा शोधावी लागते. फिजिक्सचे शिक्षक इथे कमी आहेत, ही तुझी जमेची बाजू.

पीजीसीई वाईट नाही. वर्षातले किमान १२० दिवस शाळेत जातात, त्याही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत, आणि वर्ग हाताळायला मी तिथेच शिकले. पण परदेशी विद्यार्थ्याची फी दोन आकडी लाखांत जाते. त्यासाठी वडिलांना सिडकोतलं घर गहाण ठेवायला लावू नकोस. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं नवख्या शिक्षकाचीच असतात, तेव्हा थोडे कमी तास मिळतात आणि एक अनुभवी शिक्षक सोबत असतो. तो आधार मोठा आहे.

दिवाळीनंतर आठवडाभर एखाद्या मनपा शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी काढून मागच्या बाकावर बस. शिकवू नकोस, फक्त पोरं कुठे अडतात ते वहीत लिही. संध्याकाळी घरी येताना बसमध्ये ती वही उघडावीशी वाटते का, ते बघ. नाही वाटली तर मला तसं सांग, मग आपण दुसऱ्या रस्त्यांबद्दल मोकळेपणी बोलू.

आणि तो मसुदा बाजूला ठेव. त्या मुलीचा प्रसंग लिही. ती नक्की काय म्हणाली, तू काय विचारलंस, दुसऱ्या मीटरवर तोच आकडा आल्यावर तिचा चेहरा कसा झाला, आणि ती गप्प बसली तेव्हा तुला पुढे काय करावं ते सुचलं की नाही. नसेल सुचलं तर तेही लिही. आधी मराठीतच लिही. मला पाठव, रविवारी दुपारी मी मोकळी असते. इंग्रजी आपण दोघी मिळून करू.