पीआयपी लागलाय, आता एडीएचडीचं ऑफिसात सांगू का?

तुझं पत्र वाचलं. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहेस, वय २७, गेल्या वर्षी सायकियाट्रिस्टने एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं ती अवस्था) सांगितलं, गोळ्या चालू आहेत, बग बरोबर पकडतोस पण रिपोर्ट लिहायचे राहून जातात, मॅनेजर रोजच्या स्टँडअप मीटिंगला सगळ्यांदेखत "लक्ष कुठे असतं रे तुझं" म्हणतो आणि आता पीआयपी (म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवायची टार्गेट्स) हातात दिलाय. एचआरला सांगू का आणि कायदा माझ्या बाजूने आहे का, असं विचारलंयस.

कायद्याचं आधी सांगतो कारण तिथे मुलं उगाच भरवशावर राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सिया वगैरे लर्निंग डिसॅबिलिटी आहे, पण एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) मिळणं अवघडच. पण त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही समान संधीची पॉलिसी काढावी लागते, ती तुमच्या इंट्रानेटवर शोधून नीट वाच. काही मोठ्या कंपन्या त्यात न्यूरोडायव्हर्सिटी (एडीएचडी, ऑटिझमसारखं मेंदूचं वेगळेपण) स्वतःहून घालतात, तुमच्यात असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन सरळ एचआरकडे जा. नसेल तर माझ्या मते निदानाचं नाव घ्यायची घाई नको, एकदा सांगितलं की परत घेता येत नाही, आणि पीआयपीनंतर सांगितलं की समोरच्याला ते कारण देणं वाटतं, कितीही खरं असलं तरी.

सोयी मात्र नाव न घेताही मागता येतात, फक्त "मला समजून घ्या" असं मोघम नको. पीआयपीतलं एकेक टार्गेट घे आणि त्याला चिकटवून माग. म्हणजे मेलमध्ये असं लिही, "सर, तोंडी सांगितलेली कामं माझ्याकडून सुटतात, ती जिरा टूलवर लिहून टाकलीत तर वेळेत होतील. ११ ते १ मीटिंग नसली तर रिपोर्ट त्याच दिवशी देईन. सोमवारी दहा मिनिटं प्रायॉरिटी ठरवायला मिळाली तर बरं." हेडफोन किंवा कोपऱ्यातलं टेबल यालाही सहसा कोणी नाही म्हणत नाही. बोलणं झालं की संध्याकाळी "आज ठरल्याप्रमाणे" म्हणून दोन ओळींचा मेल टाकायचाच, नंतर तोच कामी येतो. 😊

तुझ्या बाजूने एकच, बग सापडला की पुढचा शोधायच्या आधी टेम्प्लेट उघडून तिथल्या तिथे तीन ओळी लिही, नंतर लिहू म्हटलं की गेलंच ते. गोळीचा असर दुपारी उतरतो असं लिहिलंयस, डोसची वेळ स्वतः बदलू नकोस, डॉक्टरांशी बोल.

रेझ्युमे पण अपडेट करून ठेव, घाबरून नाही, पण मॅनेजर सगळ्यांदेखत असं बोलत असेल तर पीआयपी पास होऊनही तिथे किती राहायचं हा प्रश्न आहेच. पहिला रिव्ह्यू कधी आहे ते लिहिलं नाहीस, ती तारीख कळव आणि मेलचा ड्राफ्ट पाठव, बघून देतो.