टॉयलेटची किल्ली वॉचमनकडे कशाला?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. या वेळी तिन्ही पत्रं नोकरीच्या ठिकाणाबद्दलची आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला, शेजारी मशीन शॉप पण आहे. कंत्राटी धरून साठेक माणसं. पुण्याच्या कस्टमरनं आता ऑडिटमध्ये डायव्हर्सिटी आणि इन्क्लूजनचा, म्हणजे सगळ्या तऱ्हेची माणसं घेऊन त्यांना सामावून घेता का याचा, वेगळा मुद्दा घातलाय. म्हणून गेल्या वर्षी आयटीआय झालेल्या चार मुली सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर घेतल्या, तर तीन सोडून गेल्या आणि चौथीचं पण मन लागत नाही असं दिसतंय. मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, ओडिशाची पोरं आहेत, ती पण टिकत नाहीत. पगार वेळेवर असतो, महिला दिनाला केक कापतो, सुपरवायझर म्हणतात कुणी कुणाला त्रास देत नाही. मग चुकतंय कुठं?
– एक तरुण उद्योजक

उत्तर : लेकाच्या वयाचा आहेस म्हणून तूच म्हणते. आधी मला सांग, तुमच्याकडं बायकांच्या टॉयलेटची किल्ली कुठं असते? तू लिहिलं नाहीस, पण माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या खात्यात गेली आहे आणि अशा बऱ्याच शॉपमध्ये ती गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असते, का तर म्हणे उघडं ठेवलं की गडी वापरतात. आता त्या मुलीच्या जागी उभा राहून बघ. मशीन थांबवायचं, सुपरवायझरला सांगायचं, सगळ्यांच्या नजरेसमोरनं शॉप ओलांडून गेटवर जायचं, वॉचमनला किल्ली मागायची, तो हसत 'परत का?' म्हणणार, आणि परत तोच सगळा प्रवास. दिवसातनं तीनदा हे करण्यापेक्षा पोरी पाणीच पीत नाहीत. शिरोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिलमध्ये. मग लघवीचं इन्फेक्शन, मग खाडा, आणि मग तुझाच सुपरवायझर ऑफिसात येऊन सांगतो की बघा साहेब, मुली टिकत नाहीत म्हणून मी आधीच म्हणत होतो.

तर पहिलं काम हे. मुलींचं टॉयलेट शॉपच्या जवळ, आतनं चांगली कडी, कचऱ्याचा झाकणाचा डबा, नळाला पाणी, आणि बाहेरनं कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्यांच्याकडंच. गडी वापरतात हा गड्यांचा प्रॉब्लेम आहे, तो गड्यांना सांगून सोडवायचा. सेफ्टी शूज पण बघून घे, पुरुषांच्या मापाचे सात-आठ नंबरचे बूट घालून चार नंबरच्या पायाची मुलगी दिवसभर उभी राहत असेल तर ती पळणारच. आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीची गाडी जर तावडे हॉटेलच्या चौकात सगळ्यांना उतरवून निघून जात असेल तर तिथनं पुढं घरापर्यंत ती कशी जाते हे एकदा विचार. रात्रीच्या पाळीला बायकांना लावायचं असेल तर त्यांची संमती, ने-आण आणि सुरक्षितता हे मालकाकडं आलंच.

आता 'कुणी त्रास देत नाही' बद्दल. हे तुला कोणी सांगितलं? सुपरवायझरनं. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते त्यालाच विचारून तू मोकळा झालास. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्याप्रमाणं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, त्यात ट्रेनी आणि कंत्राटी बायका पण येतात. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्यापेक्षा कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समिती नसली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर असते आणि त्यातल्या बाईला स्वतःलाच माहीत नसतं की आपण अध्यक्ष आहोत (हसू नका, बघितलंय मी). तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, तेवढं तरी मराठीत लिहून मुलींच्या बाजूला लाव.

आणि सोडून गेलेल्या तिघींना फोन लाव. तू नको, सुपरवायझर तर नकोच नको. अकाउंटमधल्या एखाद्या मॅडमना लावायला सांग, सहज, कशी आहेस, तिकडं काय त्रास होता असं. ऑडिटवाला सांगणार नाही ते त्या पोरी पाच मिनिटांत सांगतील. चौथीला मात्र सगळ्यांसमोर बोलावून 'तुला काही प्रॉब्लेम आहे का' असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणणार. एकटीच असलेल्या माणसावर सगळ्या बायकांच्या वतीनं बोलायचं ओझं टाकायचं नसतं. पुढच्या भरतीला एक-एक न घेता तीन-चार जणी एकाच पाळीला घे, जेवायला तरी सोबत होते.

ओडिशाच्या पोरांचं वेगळं आहे आणि खरं तर जास्त गंभीर आहे, कारण तिथं वितळलेला धातू आहे. तुमचे सेफ्टीचे बोर्ड कुठल्या भाषेत आहेत? मराठी आणि इंग्रजी, बरोबर ना? सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सेफ्टीचं सांगतात ते, मराठीत, तो पण आपल्या कोल्हापुरी स्पीडनं. लॅडलमध्ये, म्हणजे धातू ओतायच्या भांड्यात, ओलावा राहिला, साचा दमट राहिला तर धातू उसळतो हे त्या पोराला कळलंय का, का नुसतीच मान हलवतोय? हिंदीत सांगा, ओडिया येणाऱ्या जुन्या पोराला पुढं उभं करा, चित्रं लावा. आणि ओडिशाच्या पोराला 'ए बिहारी' म्हणणं बंद करा, बिहारच्या पोराला पण म्हणू नका, त्याला नाव आहे. कंत्राटी आहेत म्हणून हात झटकता येत नाहीत, प्यायचं पाणी, संडास, आंघोळीची सोय बघणं हे मूळ मालकाच्याच गळ्यात येतं. सुट्टीचं पण बघ. जोतिबाच्या यात्रेला आणि अनंत चतुर्दशीला शॉप बंद असतं ते ठीकच आहे, पण रथयात्रेला त्यांना रजा मागावी लागते आणि ईदला शॉपमधल्या एखाद्या मुल्लाणीला मागावी लागते. वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या ठेवल्या तर तुझं फार काही जाणार नाही.

एक अजून. भरती कशी करता? पाहुण्यातला, गावचा, तालमीतला, असंच ना? विश्वासाचा माणूस मिळतो मान्य, पण मग निम्मी शॉप एकाच भावकीची होते आणि बाहेरनं आलेला दिवसभर त्यांचं भावकीचं बोलणं ऐकत बसतो. गेटवर जागा निघाल्याचा कागद लाव, आयटीआयला कळव. मी पेठेतल्या फुटबॉलच्या गप्पा बंद करा असं म्हणत नाही, कोल्हापुरात ते होणार पण नाही. पण आठव की, आपल्या तालमींच्या टीममध्ये नायजेरियाची पोरं खेळून गेली, त्यांनी गोल मारला की अख्खी पेठ डोक्यावर घ्यायची, तिथं कुणी गाव विचारलं नाही. शॉपमध्ये आल्यावर काय होतं आपल्याला देव जाणे.

ऑडिटचा रकाना त्याच्या त्याच्यानं भरला जाईल. केक पाहिजे तर कापा.

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरातच एका सॉफ्टवेअर ऑफिसात आहे. जॉइन झाल्यावर आठवडाभर सगळे गोड बोलून पूर्ण नाव काय, गाव कुठलं, पाहुणे कुणीकडले असं विचारत होते. मी आडनाव सांगितलं, एकीनं सरळ विचारलं तेव्हा जात पण सांगितली. तेव्हापासून तोंडावर कुणी काही बोलत नाही पण डब्याला बोलवत नाहीत, माझ्या डब्यातलं घेत नाहीत, 'आज पोट भरलंय' म्हणतात. मी फार मनाला लावून घेतेय का?
– नाव देऊ नका

उत्तर : नाही गं. पोट रोज एकाच माणसाच्या डब्यापुढं भरत नसतं.

चारचौघांत कुणी जातीवरनं अपमान केला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण हा छळ असा असतो की पोलिसांना दाखवायला काही नसतंच, डबा दोन इंच सरकवला याचा पंचनामा कसा करायचा? म्हणून तारीख आणि काय झालं एवढं एका वहीत लिहीत जा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. कामाच्या गोष्टीत पण होतंय का बघ, म्हणजे मीटिंगचं निमंत्रण न येणं, क्लायंटच्या कॉलमधनं वगळणं, अप्रेझलला 'टीममध्ये मिसळत नाही' असं लिहिणं. तिथं पकडता येतं आणि तिथंच वरच्याकडं बोलायचं. त्यांना शहाणं करायचं काम तू अंगावर घेऊ नकोस, पगार त्याचा नाही.

आणि हा अंक तुझ्या मॅनेजरच्या टेबलावर जाऊ दे, पुढचं त्याच्यासाठी लिहिते. बाबा रे, तू कोल्हापुरात बसून हे करतोयस. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळेंनी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून दुसऱ्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं होतं, तेव्हा शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हटल्यावर स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले, सोबतच्या बड्या मंडळींना पण पाजला. महाराज पितात म्हटल्यावर बाकीचे कुठल्या तोंडानं नको म्हणणार? १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांना ५० टक्के जागा ठेवणारे तेच, पण नुसता हुकूम काढून हौदाभोवतीची माणसं बदलत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तू काही राजा नाहीस, पण अप्रेझल तुझ्या हातात आहे, म्हणजे ऑफिसपुरता आहेसच. उद्या दुपारी केबिनमधनं डबा घेऊन बाहेर ये आणि तिच्या टेबलावर बस. भाषण नको, सर्क्युलर नको, तिच्या डब्यातली भाजी मागून घे. परवा पण बस. आणि इंटरव्ह्यूला पाहुणे कुणीकडले हा प्रश्न तुझी माणसं विचारत असतील तर तो आजपासून बंद.

पोरी, तुला एवढंच, की तीन-चार महिन्यांत हलत नसेल तर दुसरीकडं अर्ज टाकायला कमीपणा मानू नकोस.

प्रश्न : आमच्याकडं पॅकिंगला एक मुलगा आहे, त्याला ऐकू येत नाही. कामाला एक नंबर. सकाळच्या मीटिंगला मात्र नुसता उभा असतो, कसंतरी वाटतं. त्याला मीटिंगमधनं सूट द्यावी का?
– एक सुपरवायझर, गोकुळ शिरगाव

उत्तर : सूट कसली देताय साहेब, टार्गेट काय, कुठला माल आधी जाणार हे त्याला दुसऱ्याकडनं कळणार का मग? मीटिंगच्या आधी चार सोप्या ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका किंवा फळ्यावर लिहा, बोलताना त्याच्याकडं तोंड करा, मास्क खाली घ्या. लिहिलेलं समजलं का ते त्याच्याकडनं करून दाखवून घ्या, कारण खुणांची भाषा ही पहिली असणाऱ्यांना लांबलचक मराठी वाक्यं जड जातात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा शब्दकोश व्हिडिओसकट मोफत आहे, त्यातनं पॅकिंगला लागणारे वीस-पंचवीस शब्द सगळ्या टीमनं शिका. खुणा तोच शिकवेल, विचारून तर बघा, शिकवायला मिळालं की कोण खूश होत नाही. त्याची जागा भिंतीकडं पाठ येईल अशी ठेवा, म्हणजे मागनं कोण आलं ते बघायला त्याला सारखं वळायला नको. आणि फोर्कलिफ्टला नुसता रिव्हर्स हॉर्न असेल तर या आठवड्यातच फिरता दिवा बसवून घ्या, फायर अलार्मला पण.