40 तासांची हमी, 6 लाखांचा हप्ता

पत्र थोडक्यात असं: "वय 29, को-पायलट, डोंबिवलीत आईवडिलांकडे राहतो. बेसिक 1 लाख 10 हजार, शिवाय महिन्याला 40 तास उड्डाणाची हमी, तासाला 3,500. गेल्या वर्षी सरासरी 70 तास व्हायचे. आता निम्मं रोस्टर स्टँडबाय, मागच्या महिन्यात 34च तास झाले. फोन आला की 90 मिनिटांत विमानतळ गाठायचा असतो. 1 कोटीचं कर्ज काढून अंधेरीत फ्लॅट घेऊ का? ट्रेनिंगचं 70 लाखांचं कर्ज चालू आहे, तारण बाबांचा फ्लॅट. घरी 40 हजार देतो. बँकेत दीड लाख आहेत. 12 टक्के परतावा सांगून विकलेल्या युलिपचा (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) 6 लाखांचा तिसरा वार्षिक हप्ता पुढच्या महिन्यात भरतोय, ते पैसे वेगळे ठेवलेत."

फ्लॅट नको. डोंबिवलीहून 90 मिनिटांचा भरवसा नाही हे मान्य, पण त्यासाठी विमानतळाजवळ मरोळ-चकाल्यात सहकाऱ्यांबरोबर भाड्याने राहता येतं.

आता हिशेब. 34 तास उडून पैसे 40चे मिळाले, हमीचा उपयोग तेवढाच. युनिफॉर्म इस्त्री करून, फोन उशाशी घेऊन काढलेला स्टँडबायचा दिवस बोलावणं आलं नाही तर उड्डाणाच्या तासांत शून्य. वरचे 30 तास गेले म्हणजे 1 लाख 5 हजार गेले. कर वगैरे जाऊन पूर्वी हातात 2 लाख 70 हजार यायचे, आता 2 लाख. त्यातून ट्रेनिंगच्या कर्जाचा हप्ता 86 हजार, युलिप महिन्याला 50 हजार धरा, घरचे 40. उरले 24 हजार. अंधेरीचा हप्ता 87 हजार!

यापुढे प्रत्येक हप्ता 2 लाखांत बसवायचा. 70 तासांचे दिवस परत आले तर वरचे पैसे सरळ कर्जात. आणि ही हमीसुद्धा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. 2024 मध्ये विस्तारा विमान कंपनीच्या वैमानिकांपुढे एअर इंडियातल्या विलीनीकरणाचे नवे करार आले, तेव्हा 70 तासांची हमी 40 वर आली होती. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, तेव्हा तर हमी द्यायला कंपनीच उरली नाही. तुमचा करार काढून एक कलम शोधा: आजारी रजा घेतली किंवा स्टँडबायचं बोलावणं नाकारलं तर हमीतून किती कापतात?

पण मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची. 6 लाखांच्या युलिपचं विमा संरक्षण 60 लाख, कर्ज 70 लाख. म्हणजे उद्या तुमचं बरंवाईट झालं तरी बाबांचं घर पुरतं सुटत नाही. 12 टक्के परतावा सांगितलाय म्हणता. कंपनीच्या अधिकृत तक्त्यात 4 आणि 8 टक्के असतात, 12चा आकडा व्हॉट्सॲपवरच भेटतो. शिवाय वर्षाला अडीच लाखांवर हप्ता असलेल्या, फेब्रुवारी 2021 नंतरच्या युलिपची मुदतीअखेरची रक्कम करमुक्त नसते. हे विकणाऱ्याने सांगितलं होतं का?

त्याहून वाईट म्हणजे वैमानिकाची मोठी जोखीम मृत्यूपेक्षा मेडिकलची, म्हणजे वैद्यकीय तपासणीत अनफिट ठरण्याची. मधुमेह, हृदय, पाठ, एवढंच काय, दीर्घकाळची कानाची तक्रारही तुम्हाला जमिनीवर बसवू शकते. माणूस धडधाकट चालतो-फिरतो आणि उत्पन्न शून्य. युलिप त्यात एक पैसा देत नाही. त्यासाठी लॉस ऑफ लायसन्स विमा असतो. कंपनीचा सामूहिक असेल तर रक्कम किती, तात्पुरतं अनफिट ठरल्यास काय मिळतं, नोकरी सोडल्यावर काय, हे एचआरकडून लेखी घ्या. कमी पडत असेल तर स्वतःचा घ्या.

क्रम मात्र पाळा. आधी 2 कोटींचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ जीवन विमा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला 25-30 हजारांत बसावा, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. ती पॉलिसी हातात आली की युलिपचा तिसरा हप्ता भरू नका. बंद करण्याचं शुल्क काही हजारांतच असतं. उरलेले पैसे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत वेगळ्या फंडात किमान 4 टक्क्यांनी पडून राहतील, मग मिळतील. वाचलेले 6 लाख एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. दीड लाखाच्या शिलकीवर 86 हजारांचा हप्ता दोन महिनेही निघत नाही, तिथे तारण बाबांचं घर आहे.

ऑटो-डेबिट रद्द करायचा अर्ज बँकेत लेखी द्या, पोच घ्या. मग रिलेशनशिप मॅनेजरचा फोन येईलच, "सर, तिसऱ्या हप्त्यानंतरच खरा फायदा सुरू होतो." पॉलिसीच्या कुठल्या पानावर लिहिलंय, तेवढं विचारा.