असेन्शन बेटावर स्थायिक होता येईल का?

दोन वर्षांचं कंत्राट मिळालंय, वहिनी आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन असेन्शनला जावं का, पुढे तिथेच राहता येईल का, असं तुम्ही विचारलंत. मी तिथे नोकरी केली आहे. जा, जरूर जा. पण राहायचं म्हणाल तर नाही. तिथे कायमच्या वास्तव्याचा हक्क कुणालाच नाही, बेटावर जन्मलेल्यांनासुद्धा नाही. घर-जमीन घेता येत नाही. कंत्राट संपलं की निघायचं.

याचं मूळ इतिहासात आहे. अटलांटिकच्या मधोमध जेमतेम 88 चौरस किलोमीटर लाव्हा, मूळची वस्ती नाहीच. 1815 साली नेपोलियनला याच महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवलं, त्याला कुणी सोडवून नेऊ नये म्हणून इंग्रजांनी इथे आरमारी ठाणं बसवलं. तेव्हापासून इथे आलेला माणूस कामावर आलेला. 1942 मध्ये अमेरिकनांनी वाइडअवेक नावाच्या विमानतळाची धावपट्टी बांधली. 1982 च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ब्रिटिशांची व्हल्कन बॉम्बफेकी विमानं इथून उडायची, हवेतच इंधन घेत बॉम्ब टाकून सुमारे सोळा तासांनी परतायची. अपोलो मोहिमांसाठी नासाचं केंद्रही इथे होतं.

मला सगळ्यात प्रिय गोष्ट 1877 ची. मंगळाच्या वेधांवरून सूर्याचं अंतर काढायला खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल आला, तर बेटावरच्या मुख्य गावावरचे, जॉर्जटाउनवरचे, ढग हटेनात. त्याची बायको इझोबेल रात्री लाव्हा तुडवत निरभ्र आकाश शोधत दक्षिणेकडे गेली, आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. त्या जागेला आजही मार्स बे, म्हणजे मंगळाचा उपसागर, म्हणतात. त्या खडकावरून दिवसाढवळ्या चालताना माझे बूट फाटले होते, म्हणून तिचं मोल मला कळतं.

घरची आठवण आली की ग्रीन माउंटनवर जा. 1843 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर इथे आला, त्याच्या सल्ल्याने उघड्या डोंगरावर झाडं लावली गेली. आता माथ्यावर धुकं, ओल आणि बांबूच्या बनात एक तळं. पावसाळ्यातला सह्याद्री आठवून माझे डोळे भरून यायचे.

लेकीला शाळा आहे, सोळा वर्षांपर्यंतची. रुग्णालय लहान आहे, मोठं दुखणं निघालं तर बेटाबाहेर न्यावं लागतं. तेव्हा तो खर्च कोण करणार आणि वहिनींना तिथे काम करता येईल का, हे सही करण्याआधी लेखी घ्या. मसाले भरपूर न्या. लाँग बीचवर पोहू नका, प्रवाह जीवघेणा आहे. तिथे फक्त रात्री जायचं, ब्राझीलहून पोहत आलेली कासवं अंडी घालतात तेव्हा, टॉर्च न लावता.